तुम्ही विचारलंय, रात्री ठीक होतं, काल सकाळी एका कानाने ऐकूच येईना. आतल्या कानात असं अचानक काय बिघडतं?

मी डॉक्टर नाही, कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करतो, त्यामुळे असे पेशंट बरेच बघतो. बहुतेक जण आधी म्हणतात "दडे बसलेत, मळ असेल", ड्रॉप्स टाकत आठवडा काढतात आणि मग येतात. बूथमध्ये बसवून त्या कानात आवाज सोडला की हातातलं बटण दाबतच नाहीत, वर विचारतात मशीन चालू आहे ना!

खरं सांगायचं तर दहातल्या नऊ जणांत नक्की कारण सापडतच नाही. संशय दोन गोष्टींवर जास्त. एक व्हायरस, गालगुंड किंवा नागीण वगैरेचा, आणि दुसरं रक्तपुरवठा, आतल्या कानाला रक्त नेणारी धमनी एकदम बारीक आणि तिला पर्यायी रस्ता नाही, त्यामुळे तिथे अडथळा आला की शंखातल्या (आतल्या कानाचा ऐकण्याचा भाग) पेशी लगेच उपाशी पडतात, आणि त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. बाकी मग मेनियर्स नावाचा आतल्या कानाचा आजार (यात चक्कर आणि कानात आवाज), शरीराची इम्युनिटी स्वतःच्याच कानावर उलटणं, जेंटामायसिन (अँटिबायोटिक), सिस्प्लॅटिन (कॅन्सरवरचं) यांसारखी औषधं, डोक्याला मार, खोल पाण्यात डायव्हिंग. क्वचित ऐकण्याच्या नसेवर गाठ असते, कॅन्सरची नसते पण ती बघायला एमआरआय सांगतात, तो टाळू नका.

घरी एक करून बघा, तोंड मिटून "हूं" असा आवाज काढा. तो बंद कानात जास्त घुमला तर मळ किंवा कानाच्या पडद्याचं काहीतरी असू शकतं, चांगल्या कानात घुमला तर आतल्या कानाचा संशय. हा फक्त अंदाज हं, यावरून निवांत बसायचं नाही.

तुम्ही लिहिलंय कालच झालं, मग आजच ईएनटीकडे जा. स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत चालू झालं तर फायद्याची शक्यता जास्त, गोळ्यांनी भागलं नाही तर पडद्यातून इंजेक्शनही देतात. काहींचं आपोआप सुधारतं पण तुमचं सुधारेल की नाही हे आधी कोणी सांगू शकत नाही. सोबत जोरात चक्कर, तोंड वाकडं होणं, बोलताना अडखळणं असलं काही असेल तर ईएनटी वगैरे राहू दे, सरळ इमर्जन्सी गाठा, स्ट्रोक असू शकतो.

आणि शुगर असेल तर गोळ्या लिहून घ्यायच्या आधी सांगा, स्टेरॉइडने ती वाढते.