पहिल्यांदाच मुंबईला चाललोय, हॉटेल दादरला घ्यावं की वाशीला? की मेहुण्यांकडंच उतरावं?

तुमच्या प्रश्नात हॉटेल नावापुरतं आहे. खरं दुखणं शेवटच्या ओळीत आहे: डोंबिवलीचे मेहुणे म्हणतात, घर असताना हॉटेल कशाला? जिंतूरहून आई-वडलांना घेऊन निघालात, वडलांना परळच्या दवाखान्यात दाखवायचंय, एखादा दिवस फिरायचंय, आणि दादर, सीएसटी, वाशी यांतलं काय घ्यावं असं विचारताय. उत्तर आधी देऊन टाकतो. दादर पूर्व, नाहीतर सरळ परळ. वाशी नको, डोंबिवली तर नकोच नको. पुढचं नाही वाचलं तरी चालेल, पण मला लिहायचंय.

मी सेलूचा. कृषी सेवा केंद्र चालवतो. माल जालन्याहून येतो, वसुली गावातच, त्यामुळं मुंबईचं कधी काम पडलं नव्हतं. मग आईच्या छातीत दुखायला लागलं, परभणीच्या डॉक्टरांनी परळच्या एका मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली आणि त्याच संध्याकाळपासून तात्यांचे फोन सुरू झाले. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांचा मुलगा बदलापूरला राहतो.

"पोरगं तिथं असताना मायला घेऊन लॉजवर ऱ्हाणार व्हय रे? लोकांनी काय म्हणावं?"

मी म्हणालो, "तात्या, दवाखाना परळला हाय, बदलापूरला नाही."

एवढंच बोललो. त्यांना ते उद्धटपणाचं वाटलं आणि अजून वाटतं.

आपल्याकडं माणूस लॉजवर उतरला की दोनच अर्थ काढतात. एक तर पैसा उतू चाललाय, नाहीतर भावकीत बिनसलंय. आजारी माणसाला कमी हाल व्हावेत हे कारण कुणाला सुचतच नाही. आणि गंमत बघा, हे सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी सकाळी आठची लोकल बघितलेली नसते.

हिशेब करा ना. देवगिरी एक्सप्रेस पहाटे कल्याणला येते. तिथं उतरायचं, बदलापूरची लोकल धरून उलटं जायचं. घरी पोचलं की चहा, आंघोळ, पोहे, वहिनींचा आग्रह, शेजारच्या काकू विचारपूस करायला. मग ऐन गर्दीच्या वेळी तीच वाट परत दादरपर्यंत तास-सव्वा तास, आणि बसायला मिळेल याची काही खात्री नाही. म्हणजे गाडीतून सात वाजता दादरला पाय ठेवता येत असताना परळला अकरा वाजता पोचायचं. तोवर केस पेपरची रांग फाटकाबाहेर गेलेली. दिवस गेला, उद्या या.

म्हणून मी दादर पूर्वेला स्टेशनजवळच्या एका लॉजवर फोन करून खोली सांगून ठेवली. तात्यांना कळवलं. विषय संपला असं मला वाटलं.

पहाटे कल्याण आलं. नीट उजाडलंही नव्हतं. आई खालच्या बर्थवर झोपलेली. आणि खिडकीच्या जाळीवर टकटक. बघतो तर चुलतभाऊ, स्वेटर घातलेला, हातात थर्मास. "काकू, उतरा. हिनं पाणी तापवून ठेवलंय." आई दचकून उठली, चप्पल शोधायला लागली. मी म्हणालो, उतरायचं नाही. गाडी तिथं थांबते किती? तर हा पठ्ठ्या थर्मास घेऊन डब्यातच चढला. गाडी सुटली आणि आमचं सुरू झालं.

डब्यात आपलीच माणसं, सगळे जागे झाले. जालन्याचे एक गृहस्थ म्हणाले, "घरचं ते घरचं, एवढा पहाटे आलाय बिचारा." वरच्या बर्थवरून एक बाई म्हणाल्या, "पेशंटला कुठं कुठं फिरवताय हो, जवळ ऱ्हाऊ द्या की." सेकंड मत, थर्ड मत, सगळं झालं. कुणीतरी तर बदलापूरला पाणी किती वेळ येतं यावर गेलं. आई मधे बसून एकदा माझ्याकडं बघते, एकदा त्याच्याकडं. थर्मासमधला चहा मात्र सगळ्यांनी घेतला. ठाण्याला भाऊ उतरला. मला काहीच बोलला नाही, आईच्या पाया पडून गेला. त्याचा राग नाही, खरंच नाही. त्याला वडलांनी पाठवलं होतं.

लॉजची खोली म्हणजे पलंग आणि पलंगाभोवती भिंती. खिडकी उघडली की पलीकडच्या इमारतीचे पाइप. रजिस्टरमध्ये नाव, कुठून आलात, कुठं जाणार, येण्याचं कारण असे रकाने. मी दवाखाना लिहायला लागलो तर आई म्हणाली, "देवदर्शन लिही." मॅनेजरनं माझ्या हातातली एक्स-रेची पिशवी बघितली, काही बोलला नाही. आईनं लॉजच्या चादरीवर सेलूहून आणलेली चादर अंथरली, धपाट्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्याचं भाडं किती?"

साडेआठच्या आत केस पेपर निघाला. डॉक्टरांनी बघितलं, दोन तपासण्या लिहून दिल्या, रिपोर्ट चारनंतर. आता इथं नीट ऐका. मधले तास काय करायचे? बाहेरगावचा पेशंट तेवढा वेळ दवाखान्याच्या फूटपाथवर वर्तमानपत्र अंथरून बसतो. परळला जाल तेव्हा बघालच. मी टॅक्सी केली, पंधरा मिनिटांत आई खोलीवर, पंखा लावून आडवी. दुपारभर झोपली. चारला परत नेली. त्या झोपेचे पैसे मी दिले, आणि उद्या पुन्हा देईन.

तात्यांना हे कधी पटलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला आले, आहेर केला, अक्षता टाकल्या आणि जेवले नाहीत. मंडपात मुद्दाम सगळ्यांना दिसेल असे खुर्चीवर बसून राहिले.

असो. तुमच्या हॉटेलाकडं येतो.

वाशी स्वस्त म्हणून विचारताय. वाशीहून हार्बरची लोकल, मग कुर्ल्याला उतरून पूल चढायचा, मध्य रेल्वेची स्लो धरायची, परळ. वडलांचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण पंचाहत्तरीच्या माणसाला कुर्ल्याचा पूल सकाळी नऊला दाखवू नका. सीएसटी चालेल, गाडी तिथंच संपते, फोर्टात फिरायलाही बरं. पण तुमचं काम परळचं आहे. फिरायचा दिवस एकच, त्यासाठी रोजची येरझार कशाला?

दादरला एक लक्षात ठेवा, बाहेर आल्यावर ऑटो शोधत बसू नका. शीव-माहीमच्या अलीकडं शहरात ऑटोला परवानगीच नाही. काळी-पिवळी टॅक्सी घ्यायची, मीटरनं. फेब्रुवारी २०२५ पासून तिचं कमीत कमी भाडं ३१ रुपये आहे. दादर-परळला शंभराच्या वर मागितले तर पुढची टॅक्सी बघा. सिद्धिविनायकाला जायचं तर आता भुयारी मेट्रो आहे, दादरच्या पुढचंच स्टेशन. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पार कफ परेडपर्यंत सुरू झाली, त्यामुळं फोर्ट-चर्चगेटही घामाशिवाय होतं. घारापुरीला जाणार असाल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. राणीची बाग बुधवारी बंद. फिरण्याबद्दल माझ्याकडून एवढंच, मला त्यात गती नाही.

ॲपवरच्या फोटोवर जाऊ नका. तिथं खोली दिसते तेवढी मोठी नसते, आणि 'स्टेशनपासून पाचशे मीटर' हे कावळ्यासाठी असतं, मधे पूल, रूळ, बाजार मोजलेला नसतो. ॲपवर नाव शोधा, अलीकडच्या सहा महिन्यांतली वाईट मतं आधी वाचा, मग सरळ लॉजच्या नंबरवर फोन करा. काही ठिकाणी ॲपचं बुकिंग दाखवलं की काउंटरवरचा म्हणतो, आमच्याकडं आलंच नाही. फोनवर बोललेलं असलं की निदान भांडता येतं.

फोनवर सगळ्यात आधी विचारायचं ते चेकआऊटचं. आपल्या गाड्या रात्रीच्या, पोचतो सकाळी. हॉटेलाचा दिवस दुपारी बाराला सुरू होत असेल तर सात ते बारा तुम्ही पायरीवर. जुन्या लॉजवर चोवीस तासांचा हिशेब असतो, सातला घेतली तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत तुमची. तशी बघा, नाहीतर सकाळी लवकर आत सोडायचे वेगळे किती घेता ते ठरवून घ्या. दुसरं, लिफ्ट. 'आहे' म्हणतील, 'चालू आहे का' असं विचारा. दादर-फोर्टातल्या जुन्या इमारतींत लॉज तिसऱ्या मजल्यावर असतो आणि जिना सरळ उभा. तिसरं विचारायला लोक लाजतात: कमोड आहे का? वडलांना खाली बसता येत नसेल तर बाकी सगळं चांगलं असून उपयोग नाही. आणि गरम पाणी कधी येतं? बऱ्याच ठिकाणी सकाळचे ठरलेले दोन-तीन तासच. खिडकी नसली तरी मी चालवून घेईन, पण तुमच्या आईंना कोंडल्यासारखं होत असेल तर तेही विचारा.

भाव सांगितला की 'टॅक्स धरून का' असं विचारायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. कुणी १२ लावला तर बिल मागा, लगेच आठवतं त्यांना. ओळखपत्र तिघांचं लागेल, झेरॉक्स घरूनच काढून न्या.

तारखा तुम्ही लिहिलेल्या नाहीत, आणि त्याच महत्त्वाच्या. ६ डिसेंबरच्या आगेमागे दादरला खोली मिळेल असं धरूच नका. चैत्यभूमीला लाखो माणसं येतात, आपल्या भागातूनही गाड्या भरून जातात. गणपतीच्या दहा दिवसांत परळ-लालबागचे रस्ते माणसांचे असतात, टॅक्सी हलत नाही. अपॉइंटमेंट पुढं-मागं करता आली तर करून घ्या.

खोली मिळालीच नाही तर सीएसटीला रेल्वेची रिटायरिंग रूम बघा. आयआरसीटीसीवर तुमच्या तिकिटाच्या पीएनआरवर बुक होते, तिकीट कन्फर्म किंवा आरएसी हवं. लवकर भरते, म्हणून तिकीट हातात आलं की त्याच दिवशी बघायचं.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. मी म्हणतोय ते दोन-चार दिवसांच्या कामाचं. डॉक्टरांनी महिनाभर थांबायला सांगितलं तर दादर-परळचा लॉज माझ्यासारख्यालाही परवडत नाही. मग दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात जाऊन धर्मशाळेचं विचारा. कॅन्सरच्या पेशंटसाठी दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, खोलीसाठी दवाखान्याचे कागद लागतात. बाहेर 'रूम देतो' म्हणत फिरणाऱ्यांच्या मागं जाऊ नका. आणि तुमचे मेहुणे डोंबिवलीऐवजी दादरच्याच हिंदू कॉलनीत राहत असते तर मीच म्हणालो असतो, जा, सुखानं राहा. एकट्या तरुण माणसाला तर बदलापूर काय आणि कर्जत काय.

मेहुण्यांचं मन राखायचंय ना? परतीच्या आदल्या दिवशी, काम उरकल्यावर, दुपारच्या रिकाम्या लोकलनं एक जेवण करून या. आमचा चुलतभाऊ मागं संभाजीनगरला साडूच्या पोराच्या लग्नाला आला होता, बायको-मुलांसह. संभाजीनगरला माझी सख्खी बहीण राहते, चार खोल्यांचं घर. हा एसी हॉटेलात उतरला, मुलांना उकडतं म्हणून. तात्यांना मी तेव्हा मुद्दाम फोन केला होता. म्हणाले, "त्याचं वेगळं हाय." काय वेगळं हाय ते अजून सांगायचेत.

तर खोली घ्या, आगाऊ पाचशे पाठवून ठेवा, पावतीचा मेसेज जपून ठेवा. मेहुण्यांना गाडीचा नंबर आणि डबा मात्र सांगू नका. दादरला उतरून खोलीत सामान टाकलं की मग फोन करा.