लाल पेन बाजूला ठेव

चि. लेकीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. नववीच्या मुलींनी लिहिलेल्या ‘माझी गोष्ट’च्या वह्या घरी आणल्या खऱ्या, पण त्यांतले खरे किती, रचलेले किती आणि सुधारायचे कुठवर, हेच कळेनासे झाले आहे, असे तू लिहितेस. तुझ्या तिन्ही प्रश्नांना माझे उत्तर एकच आहे: आधी वाच. हातात पेन न घेता, एखाद्या नावाजलेल्या लेखिकेचे पुस्तक ज्या भरवशाने वाचतेस त्याच भरवशाने, शेवटच्या ओळीपर्यंत वाच.

तुझी शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. तिथल्या बऱ्याच मुलींच्या घरी तेलुगू बोलतात, तेव्हा त्यांच्या मराठीत लिंगे चुकणारच. माझ्या वर्गातल्या एकीने लिहिले होते, “आई विडी वळते तेव्हा मी दोरा बांधते. माझा सूप मांडीवर असतो. तेंदूच्या पानांखाली इतिहासाचे पुस्तक असते. अव्वा आली की मी पान उलटत नाही.” एका सहकाऱ्यांनी ‘माझा सूप’भोवती लाल वर्तुळ काढले आणि समासात ‘अभ्यास मन लावून करावा’ असा शेरा मारला. वही तपासून झाली होती, पण ती कोणी वाचलेलीच नव्हती.

हीच गोष्ट पुढे वार्षिक अंकासाठी दिली, तेव्हा विडीचा उल्लेख काढून ‘घरकामात मदत’ असे घाला, असे मला सांगण्यात आले. मी तो बदल करू दिला नाही आणि गोष्ट छापली गेली नाही. आपले नाव छापलेले पाहण्याचा त्या मुलीचा आनंद हुकला, याची खंत मला आजही आहे. तरीही तशी वेळ पुन्हा आली तर मी तेच करीन, कारण घरकामात मदत करणारी ती मुलगी दुसरीच कोणीतरी झाली असती आणि तिच्या गोष्टीखाली हिचे नाव घालणे मला जमले नसते. लोक याला हट्ट म्हणतात. म्हणोत.

‘एवढ्याशा मुलीला हे कसे सुचेल’ हा संशय तर तू मनातून काढूनच टाक. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिणारी मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची विद्यार्थिनी होती. आणि रचलेले म्हणजे खोटे, हे तुला कोणी सांगितले? नाझींपासून लपून राहिलेल्या अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीने १९४४ मध्ये, चौदा वर्षांची असतानाच, आपली रोजनिशी पुढे प्रसिद्ध करण्याच्या विचाराने स्वतः नव्याने लिहायला घेतली होती. तिच्या पश्चात १९४७ मध्ये ती छापताना वडिलांनी आईविषयीचे आणि शरीराविषयीचे काही भाग वगळले. पुढच्या आवृत्त्यांत ते परत घेतले गेले. तुझ्या मुलींच्या वह्यांतही आईवरचा राग असेल, पाळीविषयी लिहिलेले असेल. ते पाहून चपापू नकोस. आधी वाच.

एका बाबतीत मात्र वाचून थांबायचे नाही. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख, तो कितीही आडवळणाने आला तरी, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे तुझ्यावर बंधनकारक आहे. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करूनही मदत मिळते. ती वही स्टाफरूममध्ये फिरवू नकोस, मुलीचे नाव कुठे बोलू नकोस आणि कोणी ‘बघू पुढे’ म्हणाले म्हणून गप्प बसू नकोस. अशी ओळ बहुधा एखाद्या साध्या वाक्याच्या आड असते. ऱ्हस्व-दीर्घ शोधणाऱ्या नजरेतून ती हमखास निसटते, म्हणून तर पहिल्या वाचनाला पेन नको म्हणते.

शुद्धलेखन नंतर पाहा, आणि तेही वेगळ्या कागदावर. तिच्या वहीवर तुझी शाई नको. अंकासाठी गोष्ट निवडलीस, तर ती छापायची का आणि नावासह छापायची का, हे त्या मुलीलाच विचार. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, सुट्टीआधी वह्या परत द्यायच्या म्हणून तुझी घाई चालली आहे. ती घाई सोड आणि मुलींना सरळ सांग, की बाई अजून वाचत आहेत.

तुझ्या बाई
सोलापूर