कुणाला दाखवू नकोस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आमच्याकडे आलीस, चहा निवून गेला तरी कपाला हात लावला नाहीस, आणि रजेच्या दहा दिवसांचा तक्ता मला मोबाइलवर दाखवत बसलीस. मी फारसं बोललो नाही. घरात माणसं होती आणि मला राग आला होता. तुझा नव्हे, त्या तक्त्याचा. सकाळी ऑनलाइन कोर्स, दुपारी म्युझियम, रोज एक चित्र आणि ते रोज रात्री नऊला इन्स्टाग्रामवर. ऑफिसात निदान एकाच क्लायंटचं ऐकावं लागतं. रजेत तू किती जणांना डोक्यावर बसवणार आहेस?

वर म्हणालीस, "सर, तीन महिने काही सुचतच नाहीये. सुट्टीपण वाया गेली तर?"

रजेत फिरावं, वाचावं, झोपावं हे तुला सांगायला नको. मला एकच सांगायचंय आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. या दहा दिवसांत जे काढशील ते कुणाला दाखवू नकोस. मलाही नाही.

मी तुझ्या वयाचा असताना जाहिरात कंपनीतून पंधरा दिवसांची रजा काढली होती. पहाटेची बस पकडून कुलाब्याला ससून डॉकवर जायचो. १८७५ सालची ती गोदी. बोटी लागतात, लिलाव होतो, गलका ओसरतो आणि मग बायका खाली बसून तासन्‌तास कोळंबी सोलत राहतात. मी फक्त त्यांचे हात काढायचो. बर्फाच्या पाण्याने सुजलेली बोटं, नखाच्या कडेला पडलेली चीर, तिच्यावर बांधलेली चिंधी, अंगठ्याला चिकटून राहिलेलं कोळंबीचं साल. रेघ वेडीवाकडी यायची, पण ती त्या हाताचीच असायची.

चौथ्या दिवशी मी वही वरिष्ठांना दाखवली. त्यांना ती मनापासून आवडली. म्हणाले, एका क्लायंटचं कॅलेंडर करायचंय, यातलीच बारा कर. पाचव्या दिवशी मी त्याच जागी, त्याच बायकांसमोर बसलो आणि माझ्या चित्रातून चिंधी गेली. सहाव्या दिवशी नखं स्वच्छ झाली. तसं कर असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. कॅलेंडर देखणं झालं, माझा पगार वाढला. पहिल्या चार दिवसांतला हात मात्र पुढे कित्येक वर्षं मला काढता आला नाही.

म्हणून म्हणतो, दाखवू नकोस. दाखवायचं ठरलं की एक डोळा समोरच्या वस्तूवर राहतो आणि दुसरा बघणाऱ्याच्या तोंडाकडे लागतो. तुझं सुचणं आटलंय असं तुला वाटतं. अगं, तू गेली दोन वर्षं धड काही पाहिलेलंच नाहीस, सुचणार कशातून?

राणीच्या बागेत जा. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ घारापुरीचा दगडी हत्ती आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तो हाच. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते इथे आणले आणि १९१४ साली जोडले. लहानपणी तू त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढून घेतला असशील. आता त्याचे सांधे बघ. कुठली रेघ छिन्नीची, कुठली तुटल्याची, कुठली पावसापाण्याने झिजल्याची, हे ओळखायला मला एक अख्खी सकाळ पुरली नव्हती.

तोच हत्ती रोज काढ. तिसऱ्या दिवशी जीव नकोसा होईल इतका कंटाळा येईल, आणि नेमका तेव्हाच पानाचा फोटो काढून कुणाला तरी पाठवावासा वाटेल. पाठवू नकोस! एकदा त्या हत्तीच्या पायात मला गिरणीची चिमणी दिसली होती. तिच्यावरून एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ झालं, पण सात महिन्यांनी. त्या आठवड्यात ती नुसती चिमणी होती आणि माझ्यापाशी होती.

बाकीचा दिवस कसाही घालव. दादरच्या चौपाटीवर जायचं तर ओहोटी बघून जा. ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आज पाचला गेलीस तर चार दिवसांनी आठ वाजून जातील. तुझा तक्ता तेवढ्यानेच मोडेल, आणि तो मोडायलाच हवा.

आमच्या लोखंडी कपाटात बावीस वह्या आहेत. घरात हिनेसुद्धा त्या उघडलेल्या नाहीत. मित्र म्हणतात, जहांगीरला एखादं प्रदर्शन करायचं होतंस, घाबरलास. मी घाबरलो नव्हतो. चाळीस वर्षं लोकांना हवं ते काढून दिलं, वेळेवर दिलं, त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण ते येत कुठून होतं, हे या मित्रांना ठाऊक नाही. माझ्या बऱ्या म्हणता येतील अशा प्रत्येक कामाच्या मुळाशी त्या वह्यांतलं एखादं पान आहे. आणि समजा, थोडी भीती असेलही. तरी त्या वह्या चार लोकांत फिरल्या असत्या तर पुढची पानं तशी उतरली नसती. ते मी कॅलेंडरच्या वेळी पाहिलंय. मुलगा स्कॅन करून ठेवू म्हणतो. मी नको म्हटलं आणि यापुढेही नकोच म्हणणार आहे.

तुझ्या हातात रेघ आहे. नसती तर एवढं लिहायच्या भानगडीत पडलो नसतो. साधी दोनशे पानी वही घे, पेन्सिल घे, खोडरबर घेऊ नकोस. आयपॅड घरी ठेव.

तुझी रजा बुधवारी सुरू होतेय. बुधवारी राणीची बाग बंद असते, त्या दिवशी झोप काढ. गुरुवारपासून जा. शनिवारी ही थालीपीठं करणार आहे, जेवायलाच ये. वही मात्र घरी ठेवून ये.

तुझा,
सर