वाळूवर खेळायला अंग बारीकच हवं का?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या संघातून व्हॉलीबॉल खेळते, आता तिला बीच व्हॉलीबॉलचं वेड लागलं आहे. उंची ५ फूट ४ इंच, वजन ५८ किलो. ‘बीचवर खेळायचं तर अंग बारीक हवं,’ असं कुणीतरी सांगितल्यापासून तिने रात्रीचं जेवण सोडलंय. दोन महिने पाळीही आलेली नाही. हिच्या अंगकाठीला या खेळात भवितव्य आहे का? – एक आई, देवगड

ताई, सप्रेम नमस्कार.

करिअरचं नंतर बोलू. या आठवड्यातच तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या आणि आज रात्रीपासून तिचं ताट वाढा. पाळी लांबण्याची इतरही कारणं असतात, म्हणून तपासणी हवीच. पण रोज सराव करणारी मुलगी पोटभर जेवत नसेल, तर शरीर हात आखडता घेतं आणि पाळी थांबते. ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ हे नाव दिलं. हाडं भरण्याचं हेच वय आहे. आत्ता राहिलेली कसर पुढे भरून निघणं अवघड असतं.

शिवाय ५ फूट ४ इंचाला ५८ किलो म्हणजे जास्त वजन नव्हेच.

तिला सांगितलेल्या गोष्टीत थोडं तथ्य आहे. वाळूत पाय रुततो, रेटलेला जोर वाळू सरकवण्यात वाया जातो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाळूवर चालायला टणक जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागलेली दिसली. धावायला सुमारे १.६ पट. त्यामुळे अंगावरची फाजील चरबी तिथे लवकर जाणवते आणि अव्वल खेळाडू सहसा काटक दिसतात. पण त्या वाळूतून उडी मारायला जोर कुठून येतो? मांड्या, पोटऱ्या आणि नितंबांच्या स्नायूंतून. उपाशी राहिल्यावर चरबीबरोबर हे स्नायूही झडतात. वजनकाट्यावर आकडा उतरतो आणि उडीही उतरते! उंची आणि वजनावरून काढलेल्या बीएमआय या आकड्याला तर चरबी आणि स्नायू यांतला फरकच कळत नाही. जिममधल्या चरबी मोजणाऱ्या यंत्राचा आकडा अंगातल्या पाण्यानुसार बदलतो, त्याच्या नादी तिला लावू नका.

अंगकाठी कशी हवी, हे ठरतं खेळातल्या कामावरून. बीच व्हॉलीबॉलमध्ये संघात दोघीच, बदली खेळाडू नाही. बहुतेक जोड्यांत एक जाळीवर ब्लॉक करते, म्हणजे हात उंचावून समोरच्यांचा फटका अडवते, दुसरी मागचं मैदान राखते. २००४, २००८ आणि २०१२ अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकणाऱ्या अमेरिकन जोडीत केरी वॉल्श ६ फुटांच्या वर आणि मिस्टी मे ५ फूट ९ इंच. बीच हँडबॉलमध्ये तर बदली खेळाडू सतत आत-बाहेर करतात. तिथे हवेत गिरकी घेऊन दोन गुणांचा गोल मारणारी वेगळ्या बांध्याची, गोलरक्षक आणखी वेगळ्या.

टीव्हीवर दिसणारी सपाट पोटं पाहून मुली घाबरतात, हेही मला ठाऊक आहे. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाला बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून १,५०० युरो दंड झाला होता. एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी नियम बदलला. ही गोष्ट लेकीला जरूर सांगा.

आता भवितव्य. ऑलिम्पिक पातळीवर ब्लॉकर होण्याइतकी उंची तिला लाभेल असं वाटत नाही. पाळी सुरू झाल्यानंतर मुलींची उंची साधारण थोडीच वाढते. मागचं मैदान राखणारी चपळ खेळाडू म्हणून राज्य पातळीवर तिने जरूर धडपडावं. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत बीच व्हॉलीबॉल आणि बीच हँडबॉल दोन्ही होते, २०२५ मध्ये दीवला खेलो इंडिया बीच स्पर्धा झाल्या. मात्र आपल्याकडे केवळ बीचच्या खेळावर पोट भरणं कठीण आहे. म्हणून शाळेचं व्हॉलीबॉल सोडू देऊ नका, स्पर्धांची प्रमाणपत्रं जपून ठेवा. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण कोणत्या खेळाची, कोणत्या पातळीची कामगिरी चालते हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्या. शरीर आणि आहार यांत तिला खरोखर रस असेल, तर बारावी विज्ञान करून फिजिओथेरपी किंवा क्रीडा आहारशास्त्राकडेही वळता येईल.

डॉक्टर हो म्हणेपर्यंत जोराचा सराव बंद ठेवा. तपासणीत काय निघालं ते मला कळवा. पुढच्या वर्षीच्या सरावाचं त्यानंतर ठरवू.