आधी पान उलटून बघा, मग पंप भरा: भुरी, डावणी, तेल्या आणि मर यांची ओळख

या पंधरवड्यात आलेल्या चौकशीतले तीन प्रश्न इथे घेतले आहेत. पिके वेगळी असली तरी अडचण एकच आहे. रोगाचे नाव चुकले, म्हणून औषध चुकले आणि पैसे वाया गेले.

प्रश्न (निफाड तालुका, द्राक्ष): ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झाला. मध्ये दोन दिवस पाऊस झाला, नंतर पानांवर पिवळे डाग दिसू लागले. दुकानातून भुरीचे औषध आणून दोन वेळा मारले, तरी डाग वाढतच आहेत. औषध बनावट असेल का?

औषध बनावट असेलच असे नाही. तुमच्या बागेत भुरी नाही, डावणी आहे, आणि भुरीसाठी वापरतात ती हेक्झाकोनॅझोल, मायक्लोब्युटानिलसारखी औषधे डावणीवर चालत नाहीत. गंधकही चालत नाही. भुरी आणि डावणी हे वेगवेगळे रोग आहेत, पण दोन्हीत पांढरे काहीतरी दिसते, म्हणून गल्लत होते. पण हे पांढरे कुठे दिसते, तिथेच फरक आहे.

डावणीचा डाग पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर, तेल सांडल्यासारखा आणि थोडा पारदर्शक दिसतो. पान उन्हाकडे धरले की तो चटकन ओळखू येतो. आता पान उलटा. दमट सकाळी बरोबर त्याच डागाखाली पांढरी, कापसासारखी वाढ दिसेल. भुरीत राखाडी-पांढरी पूड पानाच्या वरच्या बाजूलाही असते आणि बोट फिरवले की बोटाला लागते. बागेत भुरी जास्त असली तर कुबट वासही येतो.

पान उलटूनही खात्री झाली नाही तर घरीच एक चाचणी करा. डाग असलेली चार-पाच पाने तोडून प्लास्टिकच्या पिशवीत ओल्या कागदासोबत ठेवा, पिशवीचे तोंड बांधा आणि रात्रभर सावलीत राहू द्या. डावणी असेल तर सकाळी डागाच्या मागच्या बाजूला पांढरी लव उगवलेली दिसते. डाग तसाच कोरडा राहिला तर तो जुना, वाळलेला डाग असेल, नाहीतर फवारणीमुळे पान भाजलेले असेल. या चाचणीला एक रुपयाही लागत नाही, आणि तिने वाचवलेल्या एका फवारणीचा खर्च तुम्ही स्वतःच मोजा.

हे असे का होते ते कळले की पुढची फवारणी कधी आणि कुठे मारायची हेही कळते. डावणीचे बीजाणू ओल्या पानावरच्या पाण्यात पोहतात आणि पानाच्या मागच्या बाजूच्या छिद्रांतून आत शिरतात. म्हणून पाऊस, धुके, दव आणि साधारण 18 ते 25 अंश तापमान असले की डावणीचा धोका वाढतो. पाने जितका वेळ ओली राहतील तितका धोका जास्त. भुरीला पानावर साचलेले पाणी लागत नाही, उलट मानवत नाही. ढगाळ पण कोरडी हवा आणि दाट कॅनॉपीतली (वेलीच्या पानांच्या पसाऱ्यातली) सावली तिला पुरते. म्हणून नाशिककडे पाऊस आणि धुक्याच्या दिवसांत आपण डावणीच्या मागे असतो आणि पुढे कोरड्या थंडीत भुरीच्या. शास्त्रज्ञ डावणीच्या जंतूला खऱ्या बुरशीत धरतच नाहीत. त्याच्या पेशींची घडण आणि काम वेगळे असते, म्हणून नेहमीची बरीच आंतरप्रवाही (झाडात शिरून पसरणारी) बुरशीनाशके त्याला लागू पडत नाहीत.

डावणी घडावर आली की नुकसान मोठे होते. फुलोऱ्याच्या आसपास घडाचा देठ तपकिरी होतो, घड वाकडा होतो आणि वाळतो. भुरीत मणी पूड चढून खरबरीत होतात, वाढ थांबते आणि पुढे मणी तडकून आतली बी दिसते. छाटणीच्या वेळी काडीवर जाळीसारखे तपकिरी-काळे चट्टे दिसले तर मागच्या हंगामात तिथे भुरी होती असे समजा.

सध्या करायचे असे: डागाळलेली पाने काढून बागेबाहेर नेऊन जाळा, बांधावर टाकू नका. फेलफूट (नको असलेल्या जादा फुटी) काढून हवा खेळती करा. मेटॅलॅक्झिल-एम आणि मँकोझेब यांचे मिश्रण लिटरला 2.5 ग्रॅम घेऊन फवारा. पुढची फवारणी डायमेथोमॉर्फ किंवा मँडीप्रोपामिडची घ्या, त्यासोबत मँकोझेब ठेवा. एकाच गटाचे औषध लागोपाठ मारू नका, त्याने जंतू दाद देईनासा होतो. नोझल खालून वर धरा. पानाच्या मागच्या बाजूला औषध पोहोचले नाही तर फवारणी झाली असे मी धरत नाही. माल निर्यातीचा असेल तर मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे ॲनेक्श्चर 5 (शिफारस केलेल्या औषधांची यादी) उघडून काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस, आधी पाहा. दुकानदाराचे तोंडी उत्तर त्यासाठी पुरेसे नाही.

प्रश्न (सांगोला तालुका, डाळिंब): फळांवर काळे डाग आहेत. गावात सगळे तेल्या म्हणतात. चार प्रकारची बुरशीनाशके झाली, फरक नाही.

आमच्याकडे डाळिंबावर काळा ठिपका दिसला की त्याचे नाव तेल्या पडते. तेल्या बुरशीचा रोग नाही, तो जिवाणूचा आहे. त्यामुळे फक्त बुरशीनाशके बदलत राहिलात तर दुकानाचाच फायदा होतो.

डाग हातात घेऊन बघा. तेल्याचा डाग पानावर सुरुवातीला पाणी शोषल्यासारखा दिसतो. पान उजेडाकडे धरले की तो चमकतो आणि भोवती पिवळे वलय असते. फळावरचा डाग काळसर, तेलकट आणि थोडा उठावदार होतो. त्याच्या मध्ये इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी भेग पडते, पुढे फळ तिथूनच फुटते. बुरशीच्या ठिपक्यांत, म्हणजे सर्कोस्पोरासारख्या रोगात, डाग कोरडे, बारीक आणि वेडेवाकडे असतात. त्यांना ना तेलकट चमक असते ना ती भेग. ॲन्थ्रॅक्नोज या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाचा डाग खोलगट असतो आणि ओल्या हवेत त्याच्या मध्यावर गुलाबी-नारिंगी चिकट पुंजके दिसू शकतात.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी दोन फळांवर भेग स्पष्ट आहे. म्हणजे तेल्या आहेच. उरलेल्या फळांवर तेल्या आणि बुरशीचे ठिपके एकत्र असू शकतात, तसेही बऱ्याचदा होते. रोगट फळे तोडून, खाली पडलेली पाने-फळे गोळा करून जाळा. छाटणी करताना रोगट भागाच्या दोन इंच खालून काडी कापा आणि प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या 2.5 टक्के द्रावणात बुडवा. हे काम कंटाळवाणे आहे, मजूर टाळाटाळ करतात, पण तेल्या एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्याची ती एक मुख्य वाट आहे. छाटणीनंतर 1 टक्का बोर्डो फवारा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. भांडी प्लास्टिकची घ्या. तयार मिश्रणात लोखंडी खिळा किंवा चाकू बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना लागेल. बहार (फुले-फळे धरण्याचा हंगाम) बदलता येत असेल तर मृग बहार सोडून हस्त बहाराचा विचार करा. मृग बहाराची फळे नेमकी पावसात सापडतात आणि तेल्याला तेच हवे असते.

प्रश्न (जिंतूर तालुका, तूर): फुलोऱ्यातली उभी तूर वाळते आहे. कोणते औषध फवारू?

वाळलेल्या झाडांसाठी या हंगामात फवारायला काही नाही, हे आधीच सांगतो. पण कारण शोधा, कारण पुढच्या वर्षीचा निर्णय त्यावर आहे. नुकते सुकू लागलेले झाड मुळासकट उपटा आणि खोड उभे चिरा. आत तपकिरी-काळ्या उभ्या रेषा दिसल्या, किंवा बुंध्यापासून वर जाणारा जांभळट पट्टा बाहेरून दिसला, तर ती मर आहे. खोडावर जमिनीच्या थोडे वर तपकिरी, खोलगट चट्टा असेल, फांदी तिथे मोडत असेल आणि पाणी साचलेल्या भागातच झाडे गेली असतील, तर तो फायटोफ्थोरा करपा आहे. त्याला आधी निचरा करावा लागतो. झाड हिरवेच आहे, पाने बारीक आणि फिकट ठिपकेदार आहेत, फुले-शेंगा नाहीत, तर तो वांझ रोग. तो विषाणूचा आहे आणि कोळी ही बारीक कीड तो पसरवते. त्याला बुरशीनाशकाने काही होत नाही.

मरीची बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते, म्हणून पुढच्या वर्षी त्याच रानात तूर नको. ज्वारीची फेरपालट किंवा ज्वारी-तूर आंतरपीक केल्याने मर कमी होते. दोन-तीन वर्षांनी तूर घ्याल तेव्हा बीएसएमआर 736 किंवा बीएसएमआर 853 यांसारखे मरीला प्रतिकारक वाण घ्या, बियाण्याला किलोला 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) लावा आणि शेणखतातूनही ट्रायकोडर्मा द्या.

फोटो आणि नमुन्यांबद्दल: व्हॉट्सॲपवर येणारे बहुतेक फोटो पानाच्या वरच्या बाजूचे आणि दुपारच्या कडक उन्हातले असतात. मागच्या बाजूचा एक फोटो, संपूर्ण झाडाचा एक आणि लांबून रानाचा एक पाठवा. रोग एका कोपऱ्यात आहे, ओळीने आहे की सगळीकडे, हे त्यावरून कळते. प्रत्यक्ष नमुना कृषी विज्ञान केंद्रात देणार असाल तर पूर्ण वाळलेले झाड आणू नका. नुकतेच रोगट होऊ लागलेले, मुळांसह, वर्तमानपत्रात गुंडाळून आणा आणि शनिवारी दुपारी कुरिअरने पाठवू नका. ओली मुळे प्लास्टिकमध्ये कोंबून दोन दिवस प्रवासात राहिली की त्यावर भलत्याच बुरशी माजतात आणि मूळ रोग प्रयोगशाळेला सापडत नाही.