बार्बाडोसमध्ये समुद्राखेरीज काय?

प्रश्न : पतीचे काम घरून करता येण्यासारखे असल्याने आम्ही वर्षभरासाठी बार्बाडोसला राहायला जाणार आहोत. तिथल्या समुद्रकिनाऱ्यांविषयी पुष्कळ वाचले. परंतु बाहेरून येऊन राहणाऱ्यांना तिथल्या लोकजीवनात काय आवडते? – एक वाचक, पुणे

उत्तर : २०२० मध्ये बार्बाडोसने 'वेलकम स्टॅम्प' हा बारा महिन्यांचा परवाना सुरू केला आणि आपल्यासारखी अनेक कुटुंबे तिथे राहू लागली. त्यांना मनापासून भावते ते तिथले उघड्यावरचे, सर्वांना सामावून घेणारे सामाजिक जीवन, असे माझे मत आहे. मात्र तिथे शिष्टाचाराला फार महत्त्व आहे. दुकानात किंवा बसमध्ये शिरताना 'गुड मॉर्निंग' म्हटल्याशिवाय थेट कामाचे बोलणे उद्धटपणाचे समजतात.

शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्स या कोळीवस्तीत अवश्य जा. तिथे निखाऱ्यांवर मासे भाजले जातात, एका बाजूला डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटत असतात आणि जुन्या गाण्यांवर आजी-आजोबाही नाचतात. मक्याचे पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेले कू-कू आणि उडणारे मासे हे तिथले राष्ट्रीय जेवण. नोव्हेंबरमध्ये, ३० तारखेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, घरोघरी कॉन्की करतात: मक्याचे पीठ, खोबरे, लाल भोपळा व बेदाणे केळीच्या पानात बांधून उकडलेला हा पदार्थ आपल्या पातोळ्यांच्या नात्यातला वाटतो.

ऊसतोडणी संपल्याचा क्रॉप ओव्हर उत्सव ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी, कडूमेंटच्या मिरवणुकीने संपतो. एखाद्या पथकात नाव नोंदवून पोशाख घेतला की परदेशी माणूसही त्या मिरवणुकीत नाचू शकतो. कडेला उभे राहून नुसते पाहू नका. गल्लीबोळांत रोड टेनिस दिसेल: रस्त्यावर आखलेले छोटे मैदान, जाळीऐवजी आडवी ठेवलेली बुटकी फळी आणि हातात लाकडी बॅट.

क्रिकेटविषयी आपल्याला वेगळे सांगायला नको. राजधानी ब्रिजटाउनमधल्या केन्सिंग्टन ओव्हलवर २०२४ मध्ये रोहित शर्माच्या संघाने टी-२० विश्वचषक जिंकला, आणि १९७१ च्या मालिकेत सुनील गावस्कर यांनी केलेल्या ७७४ धावांपैकी नाबाद ११७ याच मैदानावरच्या आहेत. रम शॉपमध्ये, म्हणजे वस्तीतल्या छोट्या गुत्त्यात, एखाद्या वयस्कर गृहस्थाजवळ गावस्करांचा विषय काढून पाहा. मद्य घेत नसाल तर थंड मॉबी, म्हणजे झाडाच्या सालीपासून केलेले पेय, मागवा, आणि सवड काढूनच जा.