'पवित्र' या शब्दावर बोलण्याआधी

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

तरुण संघात तुझा पहिला संदेश, विषय देवाची पवित्रता आणि गौरव, आणि वेळ २५ मिनिटं. एवढ्यात उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत धावायचा मोह होईल. तो आवर. यशयाच्या सहाव्या अध्यायातली पहिली आठ वचनं, म्हणजे संदेष्टा यशया मंदिरात सिंहासनावर बसलेल्या देवाला पाहतो ते दर्शन, धर आणि बाकीचं सगळं त्यांच्या आधाराला ठेव.

पण सुरुवात यशयापासून करू नकोस. आधी २ इतिहास २६ वाच. उज्जीया राजा धूप जाळायला स्वतःच मंदिरात शिरतो, याजक अडवतात, तो संतापतो आणि तिथंच त्याच्या कपाळावर कोड उठतं. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहतो. यशयाचं दर्शन याच राजाच्या मृत्यूच्या वर्षीचं आहे, इ.स.पू. ७४० च्या सुमाराचं. मग लेवीय १३:४५ उघड. कोड झालेल्यानं वरचा ओठ झाकून 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडायचं, हा नियम तिथं आहे. आता 'मी अशुद्ध ओठांचा मनुष्य आहे' हे यशयाचं वाक्य पुन्हा वाच. राजाच्या तोंडी असायला हवे होते ते शब्द संदेष्टा बोलतोय, असं ऐकू येतं. राजा विस्तव घेऊन आत गेला आणि कोड घेऊन बाहेर आला. यशया मात्र जागचा हलतही नाही. वेदीवरचा निखारा त्याच्याकडे येतो, तोही चिमट्यात धरून, आणि ओठ भाजून न टाकता शुद्ध करतो.

यशयाच्या दर्शनात देवाभोवती उभ्या असलेल्या पंखवाल्या सेवकांना 'सराफीम' म्हण. नुसतं 'सराफ' म्हटलंस तर कोल्हापुरात ऐकणाऱ्याला गुजरीतली दुकानं आठवतील. मूळ शब्द जळण्याच्या धातूवरून आलाय. सहा पंखांपैकी चार स्वतःला झाकायला आणि दोनच उडायला, हा हिशेब सांगायला विसरू नकोस. ज्यांनी पाप केल्याचं तिथं एका शब्दानं सांगितलेलं नाही, तेही तोंड झाकतात. म्हणजे पवित्रता फक्त पापाच्या विरुद्ध असलेली गोष्ट नव्हे. पाप नसतं तरी देव पवित्र असताच.

सराफीम 'पवित्र' तीनदा का म्हणतात? हिब्रूत एखाद्या गोष्टीची कमाल सांगायला शब्द दुहेरी करतात. उत्पत्ती १४:१० मध्ये डांबराचे 'खड्डे खड्डे' आहेत, आपण 'खड्डेच खड्डे' म्हणतो तसेच. तिहेरी उच्चार फार विरळ. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, हा अर्थ मंडळीनं पुढे त्यात वाचला. तो सांगायचा तर सांग, पण आधी भाषा काय म्हणते ते सांग.

गौरवाकडे वळताना एक अडचण येईल. हिब्रूत शब्द एकच, 'कावोद', पण आपल्या मराठी बायबलात तो निर्गम ४०:३४ ला 'तेज' होतो आणि स्तोत्र १९ ला 'महिमा'. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कावोदच्या मुळाशी अर्थ आहे जड असणं. आणि आपला 'गौरव' तरी कुठून आला? 'गुरु' म्हणजे जड, त्यावरून. इथं मराठी शब्द मूळ अर्थाच्या इतका जवळ बसतो की तो सोडू नकोस. १ शमुवेल ४ मध्ये एली म्हातारा आणि जड होता म्हणून मान मोडून मेला. तिथं हाच धातू आहे, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी नातवाचं नाव 'ईखाबोद', गौरव कुठं आहे? याजक जड झाला आणि देवाचं वजन घरातून गेलं. निर्गम ३३ ही जोडून वाच. मोशे गौरव दाखव म्हणतो आणि देव उत्तर देतो, माझं सगळं चांगुलपण तुझ्यापुढून नेईन. पुढच्या अध्यायात ऐकू येतो तो दयाळू, कृपाळू, मंदक्रोध देव. गौरव म्हणजे नुसता लखलखाट असं कुणाच्या मनात राहू देऊ नकोस.

सगळ्यात जास्त गोंधळ सोवळ्या-ओवळ्याचा होईल. लेवीय १०:१० मध्ये दोन जोड्या आहेत: पवित्र आणि सामान्य, शुद्ध आणि अशुद्ध. त्या एकमेकींत मिसळल्या की सगळं बिघडतं. सामान्य म्हणजे अशुद्ध नव्हे. रोजची भाकरी सामान्य आणि शुद्ध दोन्ही असते. मूल झालेली आई काही दिवस अशुद्ध असते, पण पापी नसते. हाग्गय २:१२-१३ मधला नियम फळ्यावर लिही: पवित्र मांसाला लागलेल्या पदराचा स्पर्श झाला म्हणून अन्न पवित्र होत नाही, पण प्रेताला शिवलेल्याच्या स्पर्शानं ते अशुद्ध मात्र होतं. आता मार्क १:४१ वाच. येशू कोड झालेल्याला हात लावतो आणि अशुद्धपण येशूकडे येत नाही, शुद्धपण त्या माणसाकडे जातं. यशयाच्या निखाऱ्याची दिशा हीच. योहान १२:४१ म्हणतं की यशयानं पाहिलेलं गौरव येशूचं होतं. तुझ्या संदेशाचा कणा इथं आहे. निम्मा वेळ यालाच दे.

काही गोष्टी व्यासपीठांवरून सर्रास सांगितल्या जातात, त्या टाळ. परमपवित्र स्थानात मेलाच तर बाहेर ओढता यावं म्हणून महायाजकाच्या पायाला दोरी बांधत, हे बायबलात कुठंही नाही. ती मध्ययुगातली कथा आहे. देवाच्या उपस्थितीसाठी वापरतात तो 'शकीना' हा शब्दही बायबलात नाही. तो नंतरच्या यहूदी गुरूंचा, 'वस्ती करणे' या धातूवरून आलेला. परका अग्नी नेऊन मेलेले अहरोनाचे मुलगे नादाब आणि अबीहू दारू प्याले होते हा अंदाज आहे. मद्याची मनाई पुढच्या वचनांत येते म्हणून तो बांधतात.

लेवीय १९ ला पाच मिनिटं ठेव. 'तुम्ही पवित्र असा' म्हटल्यावर पुढे येतं काय? शेताच्या कडेचं पीक गरिबाला, मजुराची मजुरी रात्रभर अडकवायची नाही, बहिऱ्याला शिव्या नकोत, वजनं-मापं खरी. आपल्या भागात उसाची काटामारी म्हणजे काय हे पोरांनाही ठाऊक असतं. तो शब्द वापर. पवित्रता थेट वजनकाट्यावर येऊन उभी राहते.

शेवटी मापं. निवासमंडपाचं, म्हणजे मोशेच्या काळच्या तंबूच्या मंदिराचं, परमपवित्र स्थान १० हात लांब, १० रुंद, १० उंच. हात सुमारे दीड फुटाचा, म्हणजे १५ फुटी चौरस. 'गाभारा' म्हटलं की आपल्याकडे कुणाला जास्त समजवावं लागणार नाही. फक्त एवढं सांग की कराराच्या कोशावरच्या दोन करुबांमध्ये, म्हणजे पंख पसरलेल्या सोन्याच्या आकृतींमध्ये, देवाची मूर्ती नव्हती, जागा मोकळी होती. बाहेरचं अंगण १०० बाय ५० हात, आपल्या हिशेबानं दहा गुंठ्यांच्या थोडं वर. शलमोनाच्या मंदिरात तेच स्थान २० हातांचं, आणि प्रकटीकरण २१ मध्ये अख्खं नवं यरुशलेम नगरच लांबी, रुंदी, उंचीला सारखं, प्रत्येक बाजू १२,००० स्टेडिया (लांबीचं जुनं ग्रीक माप). त्या नगरात मंदिर नाही, कारण सगळं नगरच गाभारा झालंय.

सभागृहाच्या फरशीवर १५ फुटी चौरस आखून ठेव. ६० फूट सुतळी लागेल, गाठींसाठी दोन फूट जास्त घे. कोपरे काटकोनात आलेत का ते कर्णांवरून तपास, दोन्ही २१ फूट अडीच इंचांच्या आसपास आले पाहिजेत. मंडळी येण्याआधी आख, आणि संदेश संपेपर्यंत त्यात कुणाला उभं करू नकोस.